नगरपालिका नसलेल्या गावाचा कारभार
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या संघातील बहुतेक कुटुंबांचे मूळ गाव सातारा वा सांगली जिल्ह्यात आहे. त्यांपैकी फार थोड्या गावांना नगरपालिका आहे. उरलेल्या ठिकाणी पाणी, दिवाबत्ती, गटारे आणि स्मशानाची वाट यांची काळजी गावकऱ्यांनाच वाहावी लागते. ती कशी वाहावी, याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

हा धडा परमुलखातून आणण्याचे कारण नाही. औंध हे लहानसे संस्थान. अवघी ७२ गावे, आणि तीही विखुरलेली. त्यांतील औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्या घटनेस महात्मा गांधींचा सल्ला लाभला. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी तीसाठी परिश्रम घेतले. गावाने आपले पंच निवडावेत, गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांनी तालुक्याचा कारभार पाहावा, आणि वसुलाचा हिस्सा गावच्याच कामी लागावा, अशी ती योजना होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले व प्रयोग थांबला. परंतु त्यातील तत्त्व टिकले. अधिकार द्यावयाचा तर त्याजबरोबर पैसा द्यावा, आणि पैसा घ्यावयाचा तर त्याचा हिशेब चव्हाट्यावर मांडावा, हे ते तत्त्व होय.

पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, आणि १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना संविधानाचा आधार मिळाला. आज पाणीपुरवठ्यासाठी गावची स्वतंत्र समिती असते व तीत स्त्रियांनाही स्थान असते. म्हणजे साधनांची वाण नाही. मग अडते कोठे?

आम्ही शिक्षक म्हणून राहिलो त्या एका गावी नळयोजना मोठ्या थाटाने सुरू झाली. वर्ष लोटले नाही तोच विजेचे बिल थकले, पंप बंद पडला, आणि बायामाणसे पुन्हा घागरी घेऊन विहिरीवर गेली. चौकशी करता असे दिसले, की ज्यांना पाणीपट्टी सहज परवडली असती, त्यांतलेच पुष्कळ जण थकबाकीदार होते. वस्तीच्या टोकाची गरीब घरे मात्र पट्टी भरून कोरडी राहिली होती. एकाने बुडविलेली पट्टी शेजाऱ्याच्या माथी बसते, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : पुण्यामुंबईस राहणाऱ्यांनी गावच्या बंद घराचीही घरपट्टी वेळेवर भरावी, कुलूप लावल्याने देणे मिटत नाही. दुसरी : यात्रेस जसे आपण आवर्जून जातो, तसे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट वा २ ऑक्टोबर यांपैकी एखाद्या ग्रामसभेस जावे, आणि जमाखर्च वाचून दाखविण्याची विनंती सौम्य शब्दांत करावी. तिसरी, आणि अधिक नाजूक : समितीवर माणूस निवडताना तो आपल्या ज्ञातीचा आहे की नाही हे पाहू नये, तो हिशेबाला चोख आणि शब्दाला पक्का आहे काय, हे पाहावे. ज्ञातिसंघाच्या व्यासपीठावरून हे बोलणे कोणास विसंगत वाटेल. परंतु नळाचे पाणी आळीआळीतून वाहते. ते एका आळीपुरते राखू म्हणणाऱ्याच्या घरीही अखेर ते पोहोचत नाही.

संघाने आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृहात आसरा दिला. त्या मुलांपैकी एखाद्याने सुटीत गावी जाऊन समितीची वही नीट लिहून दिली, तरी त्या शिक्षणाचे चीज झाले असे आम्ही समजू.