मोठ्यांच्या बहिरेपणाला कोणते माप लावायचे?

मोठ्या माणसाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचे की नाही, हे आपल्याकडे बहुधा तीन गोष्टींवर ठरते: ऑडिओग्राम, वय आणि खिसा. तिन्ही मापे अपुरी आहेत, असे माझे म्हणणे आहे. शुद्ध स्वर किती मोठा केल्यावर ऐकू येतो, एवढेच ऑडिओग्राम सांगतो. समोरच्याचे बोलणे कळते का, हे सांगत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास ही कर्णबधिरतेची रेघ आखली. प्रमाणपत्रापुरती ती ठीक आहे. पण एकसारखा ऑडिओग्राम असलेल्या दोघांपैकी एकाला श्रवणयंत्राने वाक्य कळते, दुसऱ्याला नुसता गोंगाट वाढल्यासारखा वाटतो. यंत्र आवाज वाढवते. अंतर्कर्णातल्या केसपेशीच मेल्या असतील तर वाढवलेला आवाज पुढे जाणार कसा? इम्प्लांट त्या पेशींना वगळून श्रवणचेतेला थेट विजेची स्पंदने देते. म्हणून खरा प्रश्न असा: चांगले यंत्र नीट बसवल्यावरही बोलणे किती कळते? ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०१९ साली पात्रतेची रेघ ९० वरून ८० डेसिबलवर आणली आणि यंत्रासह शब्दचाचणीत ५० टक्क्यांहून कमी गुण ही अट घातली. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २०२२ साली वाक्यचाचणीची मर्यादा ४० वरून ६० टक्क्यांवर नेली.

अर्थात चाचणी कोणत्या भाषेत, हेही पाहायला हवे. मंडला-दिंडोरीकडून जबलपूरला येणाऱ्या गोंडीभाषकाला छापील यादीतले हिंदी शब्द ऐकवले आणि तो चुकला, तर दोष कानाचा की यादीचा? घरात मराठीच बोलणाऱ्या जबलपुरातल्या आजींनाही हा प्रश्न लागू आहे.

दुसरे माप काळाचे. बोलायला शिकल्यानंतर ज्याची श्रवणशक्ती गेली, त्याच्या मेंदूत भाषा तयार असते; बहिरेपण जितके अलीकडचे, तितका लाभ सहसा जास्त. वय हा त्यामानाने दुबळा निकष आहे. सत्तरीतल्या, भूल सोसणाऱ्या माणसाला निव्वळ वयामुळे नाकारण्याला आधार नाही. मेंदुज्वरानंतर तर घाईच करावी लागते, कारण अंतर्कर्णातल्या कॉक्लियात हाड भरू लागले की इम्प्लांटचा इलेक्ट्रोड आत सरकत नाही. क्षयाच्या उपचारात कॅनामायसिनसारखी इंजेक्शने घेऊन बहिरे झालेले कमावते लोकही याच रांगेतले. त्यांचे बहिरेपण उपचारातूनच आले, म्हणून सार्वजनिक पैशावर त्यांचा हक्क मला अधिक वाटतो. उलट जन्मापासून न ऐकलेल्या आणि सांकेतिक भाषेत वाढलेल्या प्रौढाला इम्प्लांटने बोलणे कळेल, ही आशा दाखवणे अन्याय आहे. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरी किंवा खमरियासारख्या कारखान्यांतल्या गोंगाटाने आधी वरच्या पट्टीचे, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. अशा बहुतेकांना वर्षानुवर्षे श्रवणयंत्र पुरते, त्यांना शस्त्रक्रियेकडे लोटू नये.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. उपकरणालाच काही लाख लागतात. केंद्राच्या एडिप या दिव्यांग-साहाय्य योजनेतले इम्प्लांट आणि मध्य प्रदेशाची बाल श्रवण योजना ही दोन्ही मुलांसाठी आहेत, आणि मुलांचा पहिला हक्क मलाही मान्य आहे. मात्र मुलांना प्राधान्य देण्यामागे मेंदू भाषा घेऊ शकतो हा जो तर्क आहे, तोच नुकत्याच बहिऱ्या झालेल्या प्रौढालाही लागू होतो, कारण त्याने भाषा आधीच घेतलेली आहे. मुलांच्या निधीला हात न लावता प्रौढांसाठी छोटा वेगळा कोटा ठेवता येईल. त्याच रकमेत शेकडो श्रवणयंत्रे येतील, हेही खरे. पण ती ज्यांना उपयोगी पडतात त्यांना, आणि या रांगेत यंत्र निरुपयोगी ठरलेलेच उभे असतील.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. शस्त्रक्रियेनंतर मॅपिंग म्हणजे इम्प्लांटची जुळवणी, श्रवणप्रशिक्षण, बॅटऱ्या, पुढे प्रोसेसर बदलणे, हे सारे आयुष्यभर चालते. ‘रुग्ण पाठपुरावा करणार नाही’ असे म्हणून गरिबाला वगळणे सोपे असते. त्यापेक्षा मॅपिंग करणारा ऑडिओलॉजिस्ट त्याच्या गावापासून किती दूर आहे आणि त्या प्रवासाचा खर्च योजनेत धरला आहे का, हे निवड समितीने अर्जावरच नोंदवावे. नोंद नसेल, तर अपात्र योजना ठरेल, रुग्ण नव्हे.