गोष्ट कुणाची?

तेरचे गोरोबाकाका म्हणजे आपल्या घरातलेच. त्यांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून मडके पक्के कोणते, कच्चे कोणते हे पाहिले आणि नामदेव कच्चे ठरले, ही गोष्ट आपण आजीजवळ बसून ऐकली. शिक्षक बंधुभगिनी ती आज वर्गात सांगतात. पण ती आपल्यापर्यंत आणली कुणी, हे आपण सहसा विचारीत नाही.

ताहराबादच्या महिपतीबुवांनी 1762 साली ‘भक्तविजय’ लिहिला. गोरोबाकाकांची कथा त्यात आहे. पण बुवांनी साफ सांगून टाकले, की या कथा माझ्या मनाच्या नव्हेत. नाभाजींनी आणि माणदेशच्या उद्धवचिद्घनांनी त्या आधी लिहिल्या, त्यांच्या आधाराने मी सांगतो. न सांगते तर त्या काळी विचारणार कोण होते? ना छापखाना, ना वर्तमानपत्र. तरी सांगितले. त्याने पोथी काही हलकी झाली नाही.

अभंगाचे बरे असते. शेवटच्या चरणात ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ अशी मुद्रा विणलेलीच असते. गोष्टीला तशी मुद्रा नाही. दोन हात बदलले की सांगणाऱ्याचे नाव गळून पडते.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की! आहे, 1957 चा. पण तो लिहिलेल्या मजकुराला जपतो. नुसत्या कल्पनेला नाही. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली तेच सांगितले. दुष्काळावर दोघांनी लिहिले तर कुणी कुणाचे चोरले असे होत नाही. दुष्काळ काय एकाच्या मालकीचा आहे? मात्र एखाद्याने विश्वासाने सांगितलेली हकिकत उचलताना आधी विचारावे. “अमुक यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून” एवढी एक ओळ खाली घालावी. त्याला नाव नको असेल, तर तेही मानावे. आणि गुरुजी, शाळेच्या हस्तलिखितात पोराने सुचवलेली कल्पना तुम्ही फुलवलीत, तर त्या पोराचे नाव पहिले हवे.

हे शहाणपण मला उशिरा आले. बहात्तरच्या दुष्काळातली एक हकिकत मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पारावर सांगितली होती. वडिलांनी बाजारात विकलेला बैल रात्री दावे तोडून परत दारात उभा राहिला. मी ती लिहिली. दिवाळी अंकात छापून आली, मानधनही आले. बाबांना मी कळवले नाही. नातीने त्यांना ती वाचून दाखवली.

पुढे गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला, पावसापाण्याचे बोलले. गोष्ट मात्र एक नाही. निघताना एवढेच म्हणाले, “आमच्या बैलाचं नाव सर्ज्या व्हतं, गुर्जी. तुमी ढवळ्या लिवलं.”

मला खाली बघावे लागले. पुढे संग्रह निघाला, तेव्हा बैलाचे नाव सर्ज्या केले आणि कथेखाली बाबांचे नाव घातले. पुस्तक घेऊन गेलो. नातीकडून ती ओळ त्यांनी दोनदा वाचून घेतली. मग घोंगडीवर सरकून मला जागा केली आणि म्हणाले, “आता त्याच सालची हिरीची गोष्ट सांगतो. घ्या लिवून.”