विशेष वर्ग आणि घरचे शब्द
(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी वर्षातील सभेत वाचलेले भाषण)



विशेष शिक्षणाच्या पदविकेचा अभ्यास करीत असताना आम्हां प्रशिक्षणार्थी शिक्षिकांना रायपुरातील एका विशेष शाळेत सरावासाठी पाठविण्यात आले होते. त्याविषयी चार शब्द बोलावेत ही आपली आज्ञा आम्ही शिरोधार्य मानली. या विषयास येथील हिंदीत 'विशेष शिक्षा' म्हणतात. ते नाव घरातील मराठी आजीबाईंच्या कानी पडले की पोरांनी एवढा काय अपराध केला, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो! दोन भाषांतील हे अंतर घरात हसण्यावारी नेता येते. वर्गात मात्र नेता येत नाही.

आमच्या वर्गातील आठही मुले बौद्धिक दिव्यांग होती. सदऱ्याची बटणे लावणे ही आपल्या लेखी एक कृती. तेथे तिच्या बारीक पायऱ्या पाडाव्या लागतात आणि पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवितात. सारी बटणे आपण लावावयाची, अखेरचे तेवढे मुलाने. काम पुरे केल्याचा आनंद असा पहिल्याच दिवशी त्याच्या पदरी पडतो. मग दोन, मग तीन. एका मुलीस हे साधण्यास सात आठवडे लागले आणि त्यानंतर ती वर्गातील प्रत्येकाची बटणे लावत सुटली.

मुलास काय येते हे पाहण्यासाठी मद्रासला तयार झालेली एक मापनपद्धती आपल्या देशात बरीच रूढ आहे. तिचे 18 विभाग, प्रत्येकात 20 बाबी, एकूण 360. भाषा समजणे आणि भाषा बोलणे हे त्यांतील दोन स्वतंत्र विभाग होत. परंतु कोणती भाषा?

वर्गात डाउन सिंड्रोम असलेला नऊ वर्षांचा एक मराठी मुलगा होता. त्याच्या कागदांत पूर्वीच्या कोणी तपासनिसाने नोंद केली होती की, यास एका वेळी एकच सूचना समजते व नित्याच्या वस्तू ओळखता येत नाहीत. एके दिवशी त्यास नेण्यास आलेल्या आजी दारातून म्हणाल्या, "डबा पिशवीत ठेव आणि चपला घाल." त्याने दोन्ही कामे क्रमाने केली. दुसऱ्या दिवशी आम्ही मेजावर दहा वस्तू मांडल्या. 'कंघी', 'ताला', 'चाबी', 'कैंची', 'थाली' म्हटले की तो आमच्याकडे पाहत राही. दहांपैकी तीनच त्याने उचलल्या. तेच 'फणी', 'कुलूप', 'किल्ली', 'कात्री', 'ताट' म्हणताच नऊ वस्तू हाती आल्या. राहिला टोमॅटो. त्यास तो 'पताल' म्हणत होता. भाजीवालीकडून ऐकलेला हा छत्तीसगढी शब्द त्यास कोणी शिकविला नव्हता!

चौकशी करता कळले की, काही वर्षांपूर्वी एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला होता: मुलाशी एकच भाषा बोला, नाही तर तो गोंधळेल. आईवडिलांनी तो निष्ठेने पाळला आणि मराठी बंद केली. आजींना हिंदी बेताचीच. त्या नातवाशी बोलेनाशा झाल्या. बोलत त्या आईवडील घरी नसताना. आईवडिलांना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. असा सल्ला जगभर दिला जात होता. पण 2005 साली कॅनडातील संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच प्रकारच्या एकभाषिक मुलांहून त्यांची इंग्रजी मागे पडलेली आढळली नाही, वर दुसरी भाषाही त्यांना अवगत होत होती. पुढील अभ्यासांचा कलही तसाच आहे.

पुण्यात सिंधूताई जोशी यांनी 1964 मध्ये 'कामायनी' सुरू केली. तशा ठिकाणी घर, अंगण आणि वर्ग यांची भाषा बहुतांशी एकच असते. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात राहत आलेल्या आपल्या समाजाचे तसे नाही. आपल्या धडधाकट मुलांस तीन भाषांची ही कसरत जड जात नाही, म्हणून ती आपल्या ध्यानातही येत नाही.

आम्ही त्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत प्रत्येक वस्तूचा मराठी शब्द प्रथम आणि हिंदी त्याला जोडून लिहिला. वर्गशिक्षिकेने संमती दिली. वडिलांनी विचारले, "उद्या दुकानात हा किल्ली मागू लागला तर?" प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे की, ज्यास किल्ली ठाऊक आहे त्यास चाबी शिकविता येते. ज्याची किल्ली आपण काढून घेतली, त्याच्यापाशी नवा शब्द टांगावयास खुंटीच उरत नाही. चमत्कार काही झाला नाही. सत्राअखेर दहांपैकी सहा वस्तू तो हिंदीतूनही देऊ लागला. घरी आजी पुन्हा बोलू लागल्या, आणि नातू त्यांना उलट उत्तरे देतो अशी तक्रारही करू लागल्या.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणात किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. आपल्या कुटुंबात असे मूल असेल तर शाळेत नाव घालताना घरच्या शब्दांची वही सोबत न्यावी: वस्तूंची नावे, शरीराचे भाग, खाण्याचे पदार्थ, लाडाची हाक, 'नको' तो कसा सांगतो ते. मूल्यमापन करणाऱ्यास आधी ती वही वाचण्याची विनंती करावी. लिहिण्याचे काम आजीआजोबांकडे द्यावे. त्यांना सर्वांत जास्त शब्द आठवतात. वही कशी आखावी याचा एक कोरा नमुना आम्ही मंचाजवळच्या मेजावर ठेवला आहे. कार्यक्रमानंतर तो अवश्य पाहावा.