परत न मिळणारें तिकीट

विमानाचें तिकीट काढणारा मनुष्य केवळ आसन विकत घेत नाहीं. बेत बदलण्याचा हक्क किती राखावयाचा, हेंही तो त्याच वेळीं ठरवीत असतो. स्वस्त तिकिटांत हा हक्क जवळजवळ नसतोच. विमान सुटल्यावर रिकाम्या आसनाची किंमत शून्य. तेव्हां कंपनीचा आग्रह अगदींच अन्यायाचा आहे, असें मी म्हणणार नाहीं. आपणही अटी न वाचतां पैसे भरतों. ‘प्रश्न नीट वाचा’ असें मुलांना सांगण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, तोही!

मीं फेब्रुवारी २०२० मध्यें पुण्याहून दिल्लीचीं दोन तिकिटें काढलीं. एप्रिलअखेर कन्येचें बाळंतपण होतें. मार्चच्या मध्यास साथीच्या वार्ता वाढल्या, आणि जाऊं नये असें सौभाग्यवतीस वाटूं लागलें. परंतु आम्हीं तिकीट रद्द केलें तर भुर्दंड आमच्या माथीं. कंपनीनें उड्डाण रद्द केलें तर तो चुकणार. म्हणून आम्ही थांबलों. अनिश्चित काळांत हा विचित्र डाव घरोघर चालतो. मन घरीं राहण्याचें ठरवितें, पण हातून तिकीट सुटत नाहीं, आणि पहिली माघार कोण घेतो याची दोन्ही पक्ष वाट पाहतात.

२५ मार्चला देशांतील उड्डाणें थांबलीं. १६ एप्रिलच्या सरकारी सूचनेनें पहिल्या टाळेबंदींत काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करावयाचे होते. आमचीं तिकिटें त्यापूर्वींचीं. कंपनीनें रक्कम ‘क्रेडिट शेल’मध्यें ठेवली, म्हणजे तिच्याच पुढील तिकिटापुरती. दुकानदारानें कापड न देतां चिठ्ठी हातीं ठेवावी, तसें हें! २५ मे रोजीं उड्डाणें पुनः सुरू झालीं, तोंपर्यंत नातू महिन्याचा झाला होता. बारसें आम्हीं टेलिफोनच्या पडद्यावर पाहिलें.

१ ऑक्टोबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला. अडचणींतील कंपनीनें क्रेडिट शेल दिलें तर तें ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरतां यावें, आणि न वापरल्यास रक्कम परत करावी, असें त्यांत होतें. अमेरिकेंत युनायटेड कंपनीनें ३० ऑगस्टलाच देशांतर्गत बहुतेक तिकिटांवरील बदलाचा २०० डॉलरचा आकार कायमचा काढून टाकला होता. गिऱ्हाईक भाड्यानें नव्हे, भीतीनें अडलें आहे, हें तिनें ओळखलें.

आमचे पैसे अखेर आले. परंतु मी आतां आठ दिवस उरल्याखेरीज तिकीट काढीत नाहीं, आणि त्यापायीं अधिक भाडें मोजतों. सौभाग्यवती भाडें मागाहून विचारते, तिचा पहिला प्रश्न, “रद्द केलें तर किती परत मिळेल?”