लिनक्स आज्ञावलींचे आवृत्तिक्रमांक

मराठी ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठामागे ‘दुसरी आवृत्ती, तिसरे पुनर्मुद्रण’ असा उल्लेख पुष्कळदा आढळतो. आवृत्ती बदलते ती लेखकाने मजकुरात हात घातल्यामुळे; पुनर्मुद्रण हा प्रकाशकाचा व्यवहार होय. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर चालणाऱ्या आज्ञावलींनाही असेच दोन अंक असतात, कारण तेथेही बहुधा लिहिणारा एक आणि वाटणारा दुसरा असतो. डेबियन, फेडोरा, रेड हॅट यांसारखे वितरक इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली घेऊन त्या आपल्या प्रणालीत नीट बसतील अशा रीतीने बांधतात. अशा बांधणीस पॅकेज म्हणतात. पॅकेजच्या क्रमांकात शेवटच्या आडव्या रेघेच्या डावीकडचा भाग मूळ लेखकाचा, उजवीकडचा बांधणाऱ्याचा. लेखकाचा अंक पुढे सरकला की बांधणाऱ्याचा अंक सामान्यतः पुन्हा १ पासून सुरू होतो.

हे अंक दशांशपद्धतीने वाचावयाचे नसतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात नवव्या श्लोकानंतर दहावा येतो, त्याप्रमाणे येथे १.९ नंतर १.१० येते. प्रसिद्धीपूर्वीच्या चाचणी-आवृत्तीस टिल्ड हे लहरीसारखे चिन्ह जोडतात. हे चिन्ह रिकाम्या जागेच्याही आधीचे मानले जात असल्यामुळे २.०~१ हा क्रमांक २.० च्या मागे राहतो. लेखकाने पद्धतच बदलली तर मात्र पंचाईत होते. आजवर तारखेवरून २०२४०११५ असा क्रमांक देणाऱ्याने उद्या १.० म्हटले, तर यंत्राच्या हिशेबी नवी वस्तू जुनी ठरते. तेव्हा बांधणारा क्रमांकाच्या आरंभी एक अंक व अपूर्णविराम घालतो. हा जणू नवा शक. राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष शालिवाहनाच्या हजाराव्या वर्षानंतरचेच असते, तसा हा अंक पुढील सर्व अंकांवर मात करतो. पण एकदा सुरू केलेला हा शक मागे घेता येत नाही. डेबियनमधील ‘विम’ या लेखन-संपादकाच्या क्रमांकाआधी २ हा अंक असाच कायमचा बसला आहे.

या रेघेचे खरे महत्त्व २०१४ साली कळून आले. महाजालावरील गुप्त दळणवळण सांकेतिक रूपात नेणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष असल्याचे त्या वर्षी ७ एप्रिलला जाहीर झाले. कोणाही परक्यास दूरवरून एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती वाचता येत होती आणि तीत गुप्त किल्ल्या, परवलीचे शब्द असे काहीही सापडण्याचा संभव होता. १.०.१ पासून १.०.१-एफ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या, लेखकांनी १.०.१-जी ही निर्दोष आवृत्ती काढली. डेबियनच्या तत्कालीन स्थिर प्रणालीत १.०.१-ई होती. सबंध नवी आवृत्ती घ्यावी, तर तिच्यासोबत इतर बदलही आले असते, आणि स्थिर प्रणालीचे वचन नेमके ते टाळण्याचे असते. म्हणून डेबियनने तेवढ्याच दोषापुरते ठिगळ जुन्या आवृत्तीला लावले. डावीकडची १.०.१-ई तशीच राहिली. उजवीकडे ‘२+डेब७यू५’ असे आले. ‘डेब७’ म्हणजे सातवी डेबियन, ‘यू५’ म्हणजे तीतील पाचवी सुधारणा. रेड हॅटनेही १.०.१-ई कायम ठेवून उजवीकडचाच भाग बदलला.

परिणामी दोन संगणकांवर १.०.१-ई हीच अक्षरे दिसत असता एक उघडा आणि दुसरा सुरक्षित, अशी स्थिती झाली. केवळ डावीकडचा भाग पाहणारी तपासणी सुरक्षित यंत्रासही सदोष ठरवी. त्याहून वाईट म्हणजे, अक्षर बदलत नाही हे पाहून त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली, तर उघडे राहिलेले यंत्रही त्याच गर्दीत खपून जाई. ‘+डेब७’ या जोडणीत आणखी एक खुबी आहे. २ नंतर कितीही सुधारणा झाल्या तरी तो क्रमांक ३ च्या खालीच राहतो. त्यामुळे डेबियनच्या पुढील प्रणालीत त्याच आवृत्तीची ३ क्रमांकाची बांधणी असली, तर तीच नवी ठरते आणि स्थलांतर करणाऱ्याचे यंत्र उलटे मागे जात नाही.