शेळी झोपते कधी?

धाराशिवची ओळख असलेली काळी उस्मानाबादी शेळी रात्री गोठ्यात डोळे अर्धवट मिटून रवंथ करते, तेव्हा ती जागी असते की झोपलेली? ती असते दोहोंच्या मधली डुलकी. कुणी म्हणेल, डुलकीवर भागत असेल तर झोप हवीच कशाला? पण झोपेच्या ज्या टप्प्यात मानेचे स्नायू पूर्ण सैल पडतात, त्यासाठी शेळीला बसून डोके टेकवावेच लागते. श्वासासाठी वर यावे लागणारा डॉल्फिन मेंदूचा एकेक अर्धा भाग आळीपाळीने निजवतो. स्पर्म देवमासा पाण्यात उभ्यानेच थोडा वेळ झोपतो. झोपेची तऱ्हा बदलते, गरज टळत नाही. म्हणूनच शेळ्यांना कोरडी, निवांत जागा देणे हा लाड नव्हे, आपले कर्तव्य आहे.