परक्याच्या चुलीवरचे आपले अन्न



परगावचा पाहुणा आला की त्याला नान-खलिया खाऊ घातल्यावाचून आपल्या शहराला चैन पडत नाही. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हे अन्न इकडे आले, अशी जुनी हकीकत सांगतात. ती अक्षरशः खरी माना अगर न माना. आपण ज्याला आपले म्हणतो ते परक्याच्या तंदुरातून निघाले, एवढे ती मोकळेपणाने कबूल करते. आणि हे शहर तरी कुणी वसविले? १६१० साली येथे खडकी वसविणारा मलिक अंबर हबसाणातून आलेला!

आता मुंबईच्या इराण्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द, केरमान या भागांतून गरिबीला आणि छळाला कंटाळून जरथुश्त्री माणसे मुंबईस येऊ लागली. कोपऱ्यावरची जागा आपले व्यापारी अशुभ मानीत, ती इराण्याने धरली, असे म्हणतात. मग तेथे संगमरवरी टेबले आली, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या आल्या, चहा आणि ब्रून-मस्का आला. धोबी तलावाचे कयानी १९०४ साली निघाले. पण मला महत्त्व वाटते ते मस्क्याचे नव्हे, त्या टेबलाचे. पैसे टाकून बसणाऱ्याची जात विचारण्याचे इराण्याला कारण नव्हते. घरी सोवळे पाळणारा गृहस्थही तेथे शेजारी कोण बसला आहे याची फारशी चौकशी करीत नसे. महाडास पाण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या टेबलाचे मोल कळेल. इराण्याने हे समाजसुधारणेच्या तळमळीने केले, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याला गल्ला भरायचा होता!

उडुपीवाल्याची कथा निराळी. तो आला तो आपल्याच देशातून. ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्यात श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या दक्षिणी माणसांना तेथे पोटभर जेवण मिळू लागले. पुढे इडली-डोशाची चटक मराठी माणसालाही लागली. पण १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दक्षिणींविरुद्धच्या चळवळीत ज्यांच्याकडे आपण जेवत होतो त्यांच्याच हॉटेलांवर दगड पडले. हे सांगताना मला संकोच वाटतो, पण टाळून चालणार नाही. इडली काही कुणी सोडली नाही.

पुढे त्याच चळवळीने मराठी माणसाचे खाणे म्हणून वडापावाच्या गाड्यांना पाठबळ दिले. पाव पोर्तुगिजांचा, बटाटा आणि मिरची अमेरिकेतून आलेली. ती गोष्ट तेव्हा कुणी काढली नाही.